समुद्रातला प्लॅटफॉर्म मोडीत निघतो तेव्हा

१. तेल संपल्यावर मनोऱ्यांचं काय करतात?

शाळेत मुंबई हायचा धडा झाला की वर्गातलं एखादं पोरगं हमखास विचारतं, "तेल संपल्यावर त्या लोखंडी मनोऱ्यांचं काय करतात?" धड्यात त्याचं उत्तर नसतं. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगनं अरबी समुद्रात विहीर खोदली, मे १९७६ मध्ये तेलाचं उत्पादन सुरू झालं, देश आनंदला, धडा संपला. पण लोखंडाला खारी हवा सोसत नाही आणि भूगर्भातलं तेल काही अक्षय नसतं. तेव्हा पोराचा प्रश्न अगदी रास्त आहे.

उत्तराआधी प्लॅटफॉर्म कसा असतो ते पाहू. मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि तिथं पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे. तळावर नळ्यांचा एक भक्कम सांगाडा उभा असतो, त्याला जॅकेट म्हणतात. तो हलू नये म्हणून त्याच्या पायांतून लांबलचक पाइल तळात ठोकलेले असतात. पाण्याच्या वर जे बसवलेलं असतं ते टॉपसाइड किंवा डेक. काही प्लॅटफॉर्म फक्त विहिरींची तोंडं सांभाळतात. काहींवर तेल, वायू आणि पाणी वेगळं करणारी यंत्रं, कॉम्प्रेसर, माणसांच्या राहण्याच्या खोल्या, सगळा पसारा असतो. एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्याकडे आणि तिथून किनाऱ्याकडे समुद्रतळावरून नळवाहिन्या जातात. असे दोनशेहून जास्त प्लॅटफॉर्म आपल्या पश्चिम समुद्रात उभे आहेत. त्यांतल्या अनेकांचं आराखड्यातलं आयुष्य पंचवीस वर्षांचं होतं. ते कधीच उलटलंय, आणि डागडुजी करून काम चालू आहे.

आपल्याकडे मोडणीची सुरुवात झाली ती तापी वायुक्षेत्रापासून. पन्ना-मुक्ता आणि तापी ही क्षेत्रं डिसेंबर १९९४ च्या करारानं ओएनजीसी, रिलायन्स आणि एक परदेशी कंपनी अशा तिघांकडे होती. परदेशी कंपनीचा हिस्सा पुढं शेलकडे गेला. तापीचा वायू २०१६ मध्ये थांबला. मग तिथल्या विहिरी कायमच्या बुजवल्या गेल्या आणि विहिरींवरचे पाच प्लॅटफॉर्म काढून किनाऱ्यावर आणले गेले. समुद्रातली तेल-वायूची बांधकामं अशी पद्धतशीर काढण्याचं देशातलं हे पहिलं काम.

तिथंच सोडून दिलं तर काय बिघडतं? एक तर जहाजं आणि मासेमारीची जाळी. शिवाय कायदा. १९८२ चा सागरी कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार सांगतो की वापरातून गेलेलं बांधकाम काढायला हवं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं १९८९ मध्ये त्याला मोजमाप दिलं: पाणी ७५ मीटरपेक्षा उथळ आणि बांधकाम ४,००० टनांपेक्षा हलकं असेल तर ते पूर्ण काढायचं. १९९८ पासून बसवलेल्यांसाठी खोलीची मर्यादा १०० मीटर केली. गंमत अशी की मुंबई हायची खोली जुन्या मर्यादेच्या अगदी काठावर येते. या नियमाचा कीस पुढं बराच पडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

अमेरिकेच्या मेक्सिको आखातात पाचशेहून जास्त प्लॅटफॉर्म धुऊन-पुसून मुद्दाम समुद्रातच ठेवले आहेत, माशांना आसरा म्हणून. ती वेगळी वाट आहे. आपण इथं काढून आणलेल्या लोखंडाचा आणि त्याच्यासोबत आलेल्या नको त्या गोष्टींचा हिशोब बघणार आहोत.

२. आधी यादी, मग कटर

प्लॅटफॉर्म मोडायचा तर पहिलं हत्यार गॅस कटर नसतं, वही असते. कुठल्या नळीत काय आहे, कुठल्या भिंतीत ॲस्बेस्टॉस आहे, कुठल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जुनं विषारी तेल आहे, रंगात शिसं आहे का, याची जागेवार यादी करायची. जहाजांसाठी ही यादी आता बंधनकारक आहे. आपला जहाज पुनर्चक्रण कायदा २०१९ चा, आणि त्यामागचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ ला लागू झाला. त्यात तरंगते प्लॅटफॉर्म येतात, पाय खाली सोडून स्वतःला उचलून धरणाऱ्या रिगही येतात. तळात ठोकलेला प्लॅटफॉर्म मात्र त्या व्याख्येत बसत नाही, कारण तो जहाज नाही. म्हणजे शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन लोखंडांना दोन वेगळे कायदे. तरी शहाणी कंपनी स्थिर प्लॅटफॉर्मचीही तशीच यादी करते, कारण यादी नसेल तर पुढची प्रत्येक बेरीज अंदाजपंचे होते.

यादी चुकली तर काय होतं याचा जगातला सर्वांत गाजलेला किस्सा 'ब्रेंट स्पार'चा. तेल साठवणारा हा १४,५०० टनांचा तरंगता खांब शेल कंपनीचा. १९९५ मध्ये तो उत्तर अटलांटिकमध्ये खोल बुडवायचं ठरलं, ब्रिटिश सरकारनं परवानगीही दिली. ग्रीनपीसचे कार्यकर्ते त्यावर जाऊन बसले, युरोपभर शेलच्या पेट्रोलपंपांवर बहिष्कार पडला आणि जूनमध्ये कंपनीनं बेत सोडला. त्या गदारोळात ग्रीनपीसनं सांगितलं होतं की आत ५,५०० टन तेल आहे. स्वतंत्र तपासणीत ते निघालं शंभर टनांच्या आतबाहेर. एवढी तफावत आली कशी? नमुना टाकीतून घेतलेला नव्हता, टाकीकडे जाणाऱ्या नळीतून घेतला होता. नळीत तेल होतं, टाकीत बहुतेक समुद्राचं पाणी. सप्टेंबर १९९५ मध्ये ग्रीनपीसनं या आकड्याबद्दल जाहीर माफी मागितली.

त्यावरून 'बघा, आंदोलक खोटे' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. समुद्र ही कचराकुंडी नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा टिकला. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी जुनी बांधकामं समुद्रात टाकायला बंदी केली, अपवाद फक्त फार अवजड सांगाड्यांचे आणि काँक्रीटच्या पायांचे. ब्रेंट स्पार कापून नॉर्वेत एका धक्क्याच्या बांधकामात वापरला गेला. पण नमुना कुठून घेतला हे यादीत लिहिलेलं नसेल तर यादी बिनकामाची, एवढं मात्र त्यातून सगळ्यांनी शिकून घेतलं.

३. काट्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही

आता हिशोबाची मूळ कल्पना. कोल्हापूरच्या माणसाला ती नव्यानं शिकवायला नको, कारण साखर कारखान्याच्या काट्यावर ती रोज वापरली जाते. भरलेली गाडी काट्यावर चढते, रिकामी परत चढते, फरक म्हणजे ऊस. शंभर किलो उसातून आपल्याकडे साधारण बारा किलो साखर निघते, अठ्ठावीस-तीस किलो बगॅस, चारेक किलो मळी, तेवढाच प्रेसमड, आणि उरलेलं निम्म्याहून जास्त वजन म्हणजे पाणी, जे वाफ होऊन जातं. बेरीज जमली पाहिजे. नाही जमली तर शेतकरी म्हणतो काटा मारला, कारखाना म्हणतो उतारा पडला, आणि गावात बैठक बसते.

प्लॅटफॉर्मचंही तसंच. समुद्रातून क्रेननं जेवढं वजन उचललं, तेवढंच वेगवेगळ्या वाटांनी यार्डाच्या, म्हणजे किनाऱ्यावर जिथं ते मोडलं जातं त्या जागेच्या, गेटातून बाहेर पडायला हवं. समजा, एक डेक उचलला, क्रेनवर वजन दिसलं ६०० टन. यार्डात तो कापला. गेटवरच्या नोंदी अशा: पोलाद ५४२ टन, तांबं आणि केबल १४ टन, पुन्हा वापरण्याजोगी यंत्रं १८ टन, अस्तर, प्लास्टिक, लाकूड असलं किरकोळ १० टन, तेलकट गाळ ६ टन. बेरीज ५९०. दहा टन कमी.

हे दहा टन चोरीला गेले का? बहुधा नाही. समुद्रावर हलत्या क्रेनचं वजन काटेकोर नसतं. दोन टक्के चूक धरली तर ६०० टनांवर १२ टन होतात. नळ्यांत अडकलेलं पाणी वाहून गेलं असेल. जॅकेटच्या बाबतीत तर घोळ आणखी मोठा. इतकी वर्षं पाण्याखाली राहिलेल्या नळ्यांवर कालवं, शिंपले, शेवाळ यांचा जाड थर असतो. ते उन्हात वाळतं, वजन उतरतं, आणि यार्डाच्या आसपासच्या वस्तीला दोन आठवडे नाकाला पदर लावून फिरावं लागतं.

तर दहा टनांची तफावत मान्य. पण तेलकट गाळाचा आकडा पुन्हा बघा: सहा टन. म्हणजे काट्याची स्वाभाविक चूकच घातक मालाच्या दुप्पट आहे! सगळा गाळ रात्रीतून खाडीत सोडून दिला तरी एकूण बेरजेत ते कळणार नाही. उसाच्या काट्यात हा प्रश्न येत नाही, कारण तिथं मळीलाही भाव आहे, बगॅसलाही आहे. प्लॅटफॉर्ममध्ये ५४२ टन पोलादावर सगळ्यांचा डोळा असतो. ते हरवत नाही, हरवूच शकत नाही. त्याला गिऱ्हाईक आहे. माग ठेवायचा तो ज्याला गिऱ्हाईक नाही त्याचा, आणि तो वजाबाकीनं काढून चालत नाही. प्रत्येक पिंप वेगळं मोजावं लागतं.

म्हणूनच 'आमचा ९६ टक्के माल पुन्हा वापरात गेला' असं कुठल्या अहवालात वाचलं की मी आधी उरलेल्या चार टक्क्यांचं पान उघडतो. वरच्या उदाहरणात पोलाद, तांबं आणि यंत्रं मिळून ५७४ टन होतात, म्हणजे जवळजवळ ९६ टक्के. आकडा खरा आहे. पण सगळं विष त्याच्या बाहेर आहे.

४. गिऱ्हाईक नसलेला माल

त्यातली सर्वांत चमत्कारिक चीज म्हणजे नळ्यांच्या आत साचलेला पांढुरका-करडा थर. तेलाबरोबर भूगर्भातलं खारं पाणी वर येतं. त्यात बेरियम, स्ट्रॉन्शियम आणि अगदी थोडं रेडियम विरघळलेलं असतं. तेलाला खालून रेटा मिळावा म्हणून अनेक क्षेत्रांत समुद्राचं पाणी गाळून-शुद्ध करून जमिनीत सोडतात, मुंबई हायमध्येही. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. बेरियमवालं पाणी आणि सल्फेटवालं पाणी एकत्र आलं की बेरियम सल्फेटचा दगडासारखा खडा तयार होतो आणि नळीच्या आतल्या बाजूला चिकटतो. रासायनिकदृष्ट्या रेडियम बेरियमचा भाऊबंद, तेही त्याच खड्यात जाऊन बसतं. वर्षानुवर्षं थर चढत गेला की साध्या लोखंडी नळीत किरणोत्सर्ग मोजण्याइतका वाढतो. या रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे १,६०० वर्षांचं आहे, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला तेवढा काळ लागतो.

सगळ्याच तेलक्षेत्रांत हा थर सारखा नसतो, काही ठिकाणी नगण्य असतो. पण आहे की नाही हे नळी कापायच्या आधी मोजयंत्र लावूनच कळतं. थर बाहेरून दिसत नाही. असला तर नळी बंदिस्त जागेत जोरदार पाण्याच्या फवाऱ्यानं साफ करतात, खडा पिंपात जातो, पाणी गाळलं जातं. आपल्याकडे किरणोत्सर्गाच्या बाबतीत शब्द चालतो तो अणुऊर्जा नियामक मंडळाचा. हा माल नेहमीच्या घातक कचऱ्यात घुसडता येत नाही.

पाऱ्याची तऱ्हा निराळी. काही वायुक्षेत्रांत वायूबरोबर पारा येतो आणि पोलादाच्या पृष्ठभागात मुरतो. नळी रिकामी, धुतलेली, कोरडी. पण गॅस कटरची ज्योत लागली की पाऱ्याची वाफ निघते आणि ती थेट कटर धरणाऱ्याच्या छातीत जाते. शिशाच्या रंगाचंही तसंच. म्हणून नियम असा की कापायच्या रेषेवरचा रंग आधी खरवडायचा, आणि पारा सापडला तर ज्योतीऐवजी थंड कापणी, म्हणजे करवत किंवा हिऱ्याची तार वापरायची. वेळ जास्त लागतो, खर्च वाढतो. कंत्राटात यासाठी पैसे धरलेले आहेत की नाहीत, हे पाहिलं की पुढं काय होणार त्याचा अंदाज येतो.

टाक्यांच्या तळाशी लोह सल्फाइडची काळी पूड असते. ओली असेपर्यंत गरीब, वाळून हवा लागली की आपोआप पेट घेते. ॲस्बेस्टॉस, जुन्या बॅटऱ्या, एसीतला गॅस, आग विझवायचा हॅलॉन हे बाकीचे. त्यांच्याबद्दल इतर ठिकाणी भरपूर लिहिलेलं आहे.

५. सात रंगांचे कागद

पिंप भरलं, वजन केलं, चिठ्ठी लावली. आता ते यार्डातून निघून योग्य ठिकाणी पोचलं हे कसं कळायचं? २०१६ च्या घातक कचरा नियमांत त्यासाठी एक फॉर्म आहे, दहा नंबरचा. त्याच्या सात प्रती निघतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या यार्डातून सहा टन तेलकट गाळ तळोज्याच्या घातक कचरा केंद्राकडे निघाला. यार्ड सातही प्रतींवर सही करतं. पांढरी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला जाते. पिवळीवर गाडीवाल्याची सही घेऊन यार्ड ती स्वतःकडे ठेवतं. उरलेल्या पाच प्रती गाडीबरोबर जातात. केंद्रात माल उतरला की गुलाबी केंद्र ठेवून घेतं, नारिंगी गाडीवाल्याला मिळते, हिरवी मंडळाला जाते आणि निळी यार्डाकडे परत येते. करडी लागते ती माल दुसऱ्या राज्यातून आलेला असेल तर, तिथल्या मंडळासाठी.

रंग पाठ करायची गरज नाही. खुबी निळ्या प्रतीत आहे. माल पाठवणाऱ्याकडे पिवळी आहे पण निळी आली नाही, तर गाडी वाटेत कुठंतरी मोकळी झाली. मंडळाकडे पांढरी आहे आणि हिरवी नाही, तर तोच निष्कर्ष. दोन टोकांना दोन कागद, मधल्या माणसाच्या भरवशावर काही नाही. कल्पना झकास आहे. मात्र कोणीतरी बसून पांढऱ्या आणि हिरव्या प्रती जोडून पाहिल्या तरच. रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर प्रादेशिक कार्यालयाच्या हद्दीत येतो. म्हणजे कोकण किनाऱ्यावर असं यार्ड असेल तर ही जोडणी आपल्याच शहरात व्हायची.

वजनही दोन्ही टोकांना लिहायचं असतं. निघताना ६ टन आणि पोचताना ५.२ टन असेल तर निळी प्रत येऊनही प्रश्न उरतो. आणि यार्डात माल साठवून ठेवायची मुदत आहे नव्वद दिवस, त्यामुळे 'अजून इथंच आहे' हे उत्तरही फार दिवस चालत नाही.

समुद्रावर काम चालू असताना होणारा कचरा याआधीच्या टप्प्यातला. जहाजांच्या प्रदूषणाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार प्लॅटफॉर्मवरून समुद्रात कुठलाही कचरा टाकू देत नाही. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडे, बारीक दळलेलं खरकटं तेवढं टाकता येतं.

६. धुराची वही

कचरा काट्यावर चढतो, धूर चढत नाही. त्याचं वजन अप्रत्यक्ष काढावं लागतं: जाळलेलं इंधन मोजा आणि गुणाकार करा. जहाजाचं एक टन डिझेल जळलं की साधारण ३.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. इंधनातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, म्हणून धुराचं वजन इंधनाहून जास्त.

एक उदाहरण सोडवू. आकडे सोयीसाठी गृहीत धरलेले आहेत. १,००० टनांचा लहान प्लॅटफॉर्म. क्रेन बार्ज, टग, सामान नेणारी बोट मिळून दिवसाला २० टन इंधन. काम वीस दिवसांचं. इंधन ४०० टन, म्हणजे कार्बन डायऑक्साइड १,२८० टन.

आता रस्ता. हे सगळं पोलाद २५ टनी ट्रकमधून रत्नागिरीहून आंबा घाटानं कोल्हापूरला आणलं असं समजू. चाळीस फेऱ्या, जाऊन-येऊन प्रत्येकी २६० किलोमीटर, लिटरला तीन किलोमीटर. सुमारे ३,५०० लिटर डिझेल, लिटरमागे २.७ किलो या हिशोबानं साडेनऊ टनांच्या आत. समुद्रावर १,२८०, रस्त्यावर साडेनऊ! घाटात काळा धूर सोडत चढणारा ट्रक डोळ्यांवर येतो, पण या वहीत तो किरकोळ आहे. प्लॅटफॉर्मवरच्या राहत्या खोल्यांच्या जुन्या एसीतला दहा किलो आर-२२ वायू निष्काळजीपणे हवेत सोडला तर तो एकटाच सुमारे १८ टन कार्बन डायऑक्साइडइतकं काम करतो. चाळीस फेऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट.

त्याहून मोठी गळती नळवाहिनीची. दहा किलोमीटर लांब, अर्धा मीटर व्यासाची वायूची नळी, आत दहा बार दाब. त्यात साधारण १३ टन मिथेन मावतो. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापवतो. तसाच सोडला तर ३६४ टन, मशाल पेटवून जाळला तर ३६ टन. एक दिवसाची तयारी, दहापट फरक. मोडणीच्या अहवालात इंधनाचे रकाने सगळे भरतात. हा रकाना भरलाय का ते बघावं.

मग जमेची बाजू. खनिजापासून भट्टीत पोलाद करायला टनाला जगात सरासरी २.३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भंगारापासून विजेच्या भट्टीत सुमारे ०.७. फरक १.६ टन. आपल्या १,००० टनांवर वाचले १,६०० टन. खर्च १,२८०, बचत १,६००, काम फायद्यात! आता समजा समुद्र खवळला आणि ताफा दहा दिवस नुसता उभा राहिला, इंजिनं चालूच. तीस दिवसांचं इंधन ६०० टन, धूर १,९२०. फायदा गेला. आपल्या किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यांमुळं असली कामं ऑक्टोबर ते मे एवढ्याच काळात उरकावी लागतात, आणि मेच्या मध्यावर काय येऊ शकतं ते २०२१ च्या तौक्ते वादळानं दाखवलं. मुंबई हायजवळ पी-३०५ बार्ज बुडाला, कितीतरी माणसं गेली. तेव्हा कामाचा हंगाम संपताना घाई करण्यापेक्षा हिशोबात तोटा दिसलेला परवडला.

बचत खर्चातून वजा करावी का, यावर जाणकारांत मतभेद आहेत. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ पेट्रोलियमनं २००० मध्ये यासाठी मार्गदर्शिका काढली. तिनं प्रश्न उलटा केला: लोखंड समुद्रातच सोडलं तर तेवढं नवं पोलाद कुणीतरी खनिजापासून बनवणार, तो धूर 'सोडून देण्याच्या' खात्यात लिहा. मला ही रीत जास्त प्रामाणिक वाटते. कारण वजाबाकीत एक लबाडी सहज होते. तेल कंपनी म्हणते, भंगार देऊन आम्ही १,६०० टन वाचवले. फौंड्री म्हणते, भंगार वापरून आम्ही १,६०० टन वाचवले. दोन अहवाल, दोन टाळ्या, पण हवेतला फरक एकदाच.

७. फौंड्रीच्या गेटवर

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले: इथल्या फौंड्रीवाल्यांना पोलादाचं भंगार रोज लागतं. पिग आयर्न, रिटर्न आणि स्टील स्क्रॅप यांचा चार्ज इंडक्शन भट्टीत पडतो, टनाला सुमारे ६०० युनिट वीज जाते. रस वितळला की नमुना स्पेक्ट्रोवर जातो आणि मिनिटाभरात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, सगळं कागदावर. प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीच्या एका भरणीला, नंबर असतो. कास्टिंग युरोपात जाऊन तुटलं तरी त्या नंबरावरून कुठल्या पाळीत, कुठल्या भट्टीत ओतलं ते सांगता येतं. पुढच्या दिशेनं हा माग लाजवाब आहे. मागच्या दिशेनं तो भंगारवाल्याच्या ट्रकपाशी थांबतो. तुकडा पुलाचा होता, जहाजाचा की तेलाच्या नळीचा, हे स्पेक्ट्रो सांगत नाही.

याची किंमत महाराष्ट्रानं मोजली आहे. २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी पदार्थ सापडला. माग काढत काढत तपास रायगड जिल्ह्यातल्या खोपोलीच्या ओतशाळेपर्यंत आला; भंगारातून आलेला कोबाल्ट तिथं रसात मिसळला होता. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात दिल्ली विद्यापीठानं लिलावात काढलेलं जुनं यंत्र फोडलं गेलं, त्यातल्या कोबाल्टनं एका कामगाराचा जीव घेतला.

तेलाच्या नळीतला खडा इतका जहाल नसतो. आणि भट्टीत त्याची वागणूकही वेगळी: कोबाल्ट लोखंडात मिसळून कास्टिंगमध्ये जातो, रेडियम मुख्यतः स्लॅगमध्ये वर येतं. म्हणजे कास्टिंग सुटलं, पण स्लॅग काढणारा माणूस आणि स्लॅग जिथं भरावाला टाकला जातो ती जागा सुटत नाही. ट्रक गेटवर असताना हातात धरायच्या मोजयंत्रानं फेरी मारली तर पाच मिनिटं जातात. आत वाकलेल्या, तोंड चेपलेल्या नळ्या असतील तर त्या बाजूला काढून आतून पाहाव्यात. जाड भिंतीची नळी आतला किरणोत्सर्ग बराचसा अडवते आणि बाहेरून काटा हलत नाही.

समुद्रातल्या पोलादावर जस्ताचा किंवा शिशाचा रंग राहून गेला असेल तर भट्टीवर पांढरा धूर उठतो, हे भट्टीवाल्यांना माहीत असतं. खरेदीच्या वेळी दोन कागद मागितले तर ते आधीच टळेल: तुकडा कुठल्या बांधकामाचा, आणि साफ केल्याचा दाखला. यार्डाकडे यादी असेल तर तो देणं त्याला अवघड नाही.

८. जे तळाशीच राहतं

सगळं काही वर येत नाही. जॅकेटचे पाइल तळाच्या काही मीटर खाली कापतात, खालचे तुकडे गाडलेलेच राहतात. नळवाहिन्या धुऊन, पाणी भरून, तोंडं बंद करून बहुधा जागेवर ठेवल्या जातात. विहिरींत सिमेंटची बुचं बसतात. यांचा खर्च पुढं कोण करणार म्हणून १९९९ पासून आपल्याकडे स्थळ पुनर्स्थापना निधीची योजना आहे. उत्पादन चालू असतानाच कंपनी स्टेट बँकेत त्यासाठी पैसे ठेवते आणि त्यावर आयकरात सवलत घेते. पैसा आधी बाजूला काढला जातो हे उत्तम, कारण आटलेल्या विहिरीसाठी हात सैल सोडणारा मालक विरळाच.

उरलेल्या वस्तूची जागा, तिच्यावरच्या पाण्याची खोली आणि तिचं आकारमान सागरी नकाशावर यावं, असं १९८९ चीच मार्गदर्शिका सांगते. आपल्याकडे हे नकाशे डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढतं. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याहून निघालेल्या ट्रॉलरच्या तांडेलाकडे तो ताजा नकाशा असेल, तर गाडलेल्या नळीत जाळं अडकायच्या आधी त्याला बोट वळवता येते.